कललेल्या खांबाचे ध्वनिमुद्रण

किनारी सुविधा मंडळाने २००७ साली कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत संपर्क केंद्र उघडले, त्यामागचा हेतू अत्यंत साधा होता. नागरिकांच्या तक्रारी कोणी ऐकत नाही, अशी तक्रार वारंवार येत होती. तेव्हा तक्रारी ऐकण्याची व्यवस्था करावी, आणि त्या ऐकल्या याचा पुरावा राहावा म्हणून प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित करावा, असे ठरले. पुढे खर्चाचा मेळ घालताना ऐकण्याचा भाग दुसऱ्या टप्प्यात ढकलण्यात आला. पहिल्या टप्प्यात पुराव्याचा भाग तेवढा राहिला.

या पुराव्याला जागा किती लागेल, ते मोजण्याचे काम निकेत कुबल याच्याकडे आले. फोनवरचे बोलणे साठवायला सर्व्हरवर किती डिस्क हवी, ती किती काळ पुरेल, आणि पुरली नाही तर दोष कोणाचा नसेल, हे आधीच लिहून देण्याला मंडळाच्या भाषेत क्षमता नियोजन म्हणत. निकेतने कणकवलीच्या कॉलेजातून भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी घेतली होती. जे मोजता येते ते खरे, आणि जे दोन दशांश स्थळांपर्यंत मोजता येते ते जास्त खरे, अशी त्याची श्रद्धा होती. आईने विचारले, "पेजेत मीठ कमी जाला काय रे?" तर "कमी म्हंजे किती?" असे तो विचारी, आणि तेवढ्यात पेज निवून जाई.

त्याची नेमणूक तात्पुरती होती. पहिली तिमाही पार पडेपर्यंत डिस्क नव्वद टक्क्यांच्या वर गेली नाही, तर चाचणी यशस्वी. चाचणी यशस्वी, तर निकेत कायम. हे त्याच्या नेमणुकीच्या पत्रातच लिहिले होते. कामाचे फळ इतके स्वच्छ समीकरणात मांडणारे खाते त्याने आजवर पाहिले नव्हते, आणि त्या समीकरणावर तो मनापासून खूश होता.

गणितासाठी पुण्याच्या सल्लागारांनी एक तक्ता दिला होता. त्यात एका कॉलची सरासरी लांबी तीन मिनिटे धरली होती. हा आकडा त्यांनी कुठल्याशा बँकेच्या क्रेडिट कार्डवाल्या ग्राहकांवरून काढला होता. क्रेडिट कार्डवाला फोन करतो, शिव्या देतो आणि ठेवतो. त्याला तीन मिनिटे पुरतात. हा आकडा आपल्या जिल्ह्याला लागू पडेल का, असा प्रश्न निकेतला पडला नव्हता असे नाही. पण त्या प्रश्नाला एकक नव्हते. म्हणून त्याने तो बाजूला ठेवला आणि तिनाने गुणायला सुरुवात केली.

उत्तर आले, ते घेऊन तो केंद्राचे व्यवस्थापक भिकाजी तेंडोलकर यांच्याकडे गेला.

"सर, डिस्क अकरा महिने अठ्ठावीस दिवस पुरेल."

"वर्षच लिही," तेंडोलकर म्हणाले. "दोन दिवसांसाठी कोण मंडळाशी भांडत बसणार?"

निकेतने वर्ष लिहिले. आयुष्यात प्रथमच त्याने एक आकडा गोल केला होता, आणि त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही. तीन मिनिटांबद्दल मात्र त्याला काहीच वाटले नाही.

झोप न लागण्याला दुसरेही एक कारण होते. मालवणजवळच्या रापणवाडीत त्याचे घर. घरामागे मंडळाचा दिव्याचा खांब होता, आणि तो गेल्या पावसापासून स्वयंपाकघराच्या कौलांकडे कलत चालला होता. निकेतने ओळंबा सोडून त्याचा कोन मोजला होता आणि भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्याची आई शेवंती मालवणच्या बाजारात मासे विकून दुपारी परतली की आधी खांबाकडे बघे आणि मग चुलीकडे.

"किती वाकलो रे आज?"

"साडेअकरा अंश," निकेत म्हणाला. मग त्याने तिला गुरुत्वमध्य म्हणजे काय ते सांगितले, पायाची पकड सांगितली, खारी हवा लोखंडाला कशी खाते ते सांगितले. भात शिजेपर्यंत हे चालले.

"म्हंजे पडतलो मां?"

"पडतलो."

"मगे ह्या सांगूक बी.एस्सी. कित्याक व्हयी? तू त्या मंडळातच कामाक आसस. सांग तुझ्या सायबाक."

"आये, हापिसात तसा चालणा नाय. घरच्या माणसाचा सांगलंय, तर तो वशिलो. तू केंद्रात फोन कर. सगळा रेकॉर्ड जाता."

"रेकॉर्ड जाता म्हंजे?"

"तुझा बोलणा जसाच्या तसा वयर ऱ्हवता. कोणाक पुसूक येवचा नाय."

शेवंतीला हे पटले. ओळखीने काम करून घेण्यापेक्षा रीतसर सांगणे केव्हाही चांगले, आणि मुलगा शिकलेला. तिने दुसऱ्याच दिवशी फोन लावला.

इकडे केंद्र सुरू झाले होते. फोन लागला की आधी एक ध्वनिफीत ऐकू येई: "आपले बोलणे वरिष्ठांच्या माहितीसाठी नोंदवले जात आहे." मग पलीकडून केंद्राची मुलगी बोले. सर्वांत हुशार मुलगी म्हणजे विजयदुर्गची तस्नीम सारंग. फोनवर काय बोलायचे याची सल्लागारांची संहिता तिला पाठ होती. पहिल्याच दिवशी देवगडकडच्या एका म्हाताऱ्याचा फोन आला.

"नमस्कार, किनारी सुविधा मंडळ. मी आपली काय सेवा करू शकते?"

"तू कोणाची गो?"

"मी मंडळाची प्रतिनिधी बोलतेय."

"ता आयकलंय. पण कोणाची?"

"काका, आपली तक्रार काय आहे?"

"कोणाकडे बोलतंय ता कळल्याबगर तक्रार कशी सांगू? दारात इल्लो माणूस पण आधी नाव सांगता."

तस्नीमने संहितेचे पान उलटून पाहिले. त्यात "कोणाची" या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी ती म्हणाली, "विजयदुर्गच्या गुलाम सारंगांची नात."

"गुलामाची? अगो, माझ्या होडयेचा पयला शीड तुझ्या आजयान शिवला!" आणि मग ते शीड, तो वारा, ती होडी, त्या होडीवरून झालेले भांडण, भांडणानंतर झालेला समेट आणि समेटाच्या जेवणातले मटण, असा सगळा प्रवास झाला. अखेरीस म्हातारा म्हणाला, "मी फोन कित्याक केल्लंय, ता इसारलंय बग. याद इली की परत करतंय. आजयाक सलाम सांग."

"आजोबा वारले, काका."

"अरे देवा! कधी?" आणि कॉल पुढे चालू राहिला.

तीन मिनिटांत जिल्ह्यातल्या माणसाचा खोकलाही संपत नाही, हे निकेतच्या ध्यानात पहिल्या आठवड्यातच आले. सल्लागारांना त्याने तसे कळवले. "नमुना अपुरा आहे, अधिक निरीक्षणे घ्या," असे त्यांचे उत्तर आले. निकेतला ते शास्त्रीय वाटले. त्याने अधिक निरीक्षणे घेतली, आणि ती साठवायला आणखी जागा लागली.

दुसरी अडचण कोणाच्याच कल्पनेत नव्हती. केंद्रातल्या सहाही खुर्च्या गुंतल्या की नवा फोन रांगेत लागे आणि त्याला सनई ऐकू येई. पण बोलणे नोंदवले जात आहे, हे तर त्याला आधीच सांगून झालेले असे. म्हणजे नोंदवणे भाग होते. सर्व्हर त्या क्षणापासून इमानेइतबारे सनई नोंदवू लागे. कॉल लांबले तशी रांग वाढली, आणि रांग वाढली तशी सनई. निकेतने कालावधीचे आकडे काढले तेव्हा भरलेल्या डिस्कचा निम्म्याहून अधिक भाग एकाच सनईच्या हजारो प्रतींनी व्यापलेला निघाला. मंडळाकडे जिल्ह्यातला सर्वांत मोठा सनईसंग्रह जमा झाला होता आणि त्यात राग एकच होता.

तिसरी अडचण रापणवाडीतून आली. म्हणजे निकेतच्या घरातून.

शेवंतीने पहिल्या फोनवर ती ध्वनिफीत नीट ऐकली होती. "वरिष्ठांच्या माहितीसाठी" हे शब्द तिने शेजारच्या दाजींना जाऊन सांगितले. दाजी म्हणजे गावचे गाऱ्हाणे घालणारे. देवळात देवापुढे उभे राहून गावाच्या वतीने मागणे मांडायचे, आणि मागे उभ्या लोकांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा, ही त्यांच्या घराण्याची वहिवाट. दाजींनी सगळे ऐकून घेतले आणि निर्णय दिला.

"शेवंते, तू चुकतंस खंय सांगू? तू त्या चेडवाकडे बोलतंस. ता चेडू फकस्त दारार उभ्या आसा. आयकणारो वयर बसलो आसा, आणि तो बोलणा नाय. जो आयकता आणि बोलणा नाय, तेका तक्रार सांगणत नाय. तेका गाऱ्हाणा घालतत."

यातला तर्क निकेतलाही खोडता आला नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंतीच्या स्वयंपाकघरात वाडी जमली. फोनचा रिसीव्हर नारळावर टेकवून ठेवला गेला. दाजींनी डोक्याला मुंडासे बांधले. पलीकडे तस्नीमने "नमस्कार" म्हटले आणि तिला पुढचा शब्द बोलायला मिळाला नाही.

"बा देवा म्हाराजा! वयर बसान सगळा आयकणाऱ्या वरिष्ठा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वीस-पंचवीस गळे गरजले.

"कुडाळच्या वसाहतीत तुझा ठाणा आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरांनी हात जोडून गाऱ्हाणा घातलेला आसा, ता मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग वेशीवरचे देव आले, वाडीचे राखणदार आले, खाडीपलीकडचे पाहुणे देव आले. त्यांतल्या कोणाला वगळून चालत नाही. त्यानंतर मंडळाचे अध्यक्ष, सदस्य, अभियंते यांचीही हुद्द्यानुसार नावे घेण्यात आली. खांब अगदी शेवटी आला, एका वाक्यात. "शेवंतीच्या घरार तुझो जो काय वाकडो-तिकडो खांब आसा, तो सरळ कर आणि तिच्या चुलीची राखण कर म्हाराजा!" तस्नीमने कानावरचे यंत्र उतरवून टेबलावर ठेवले होते. तरी शेवटचा "व्हय म्हाराजा" बाजूच्या पाचही खुर्च्यांना ऐकू गेला, आणि त्यांच्या कॉलमध्येही नोंदवला गेला.

ही पद्धत किनाऱ्यावर पसरायला वेळ लागला नाही. एकट्याने बोलण्यापेक्षा वाडीने मिळून बोलणे बरे, हे कोणालाही पटण्यासारखे होते. पाण्यासाठी गाऱ्हाणी येऊ लागली, धक्क्यासाठी येऊ लागली. डिस्क वर्षभर पुरायची ती तिमाही संपण्याआधीच काठोकाठ येणार, असे दिसू लागले.

तेंडोलकरांनी निकेतला बोलावले.

"ह्या रापणवाडीतली ही बाई कोण? सगळ्यात जास्त जागा हिनेच खाल्लीय. तुला माहीत आहे का?"

"हो सर," निकेत म्हणाला. वशिला होऊ नये म्हणून पुढचे त्याने सांगितले नाही. आपल्या या निःस्पृहपणाचे त्याला मनातल्या मनात कौतुक वाटले.

"जुनी रेकॉर्डिंग पुसून टाक."

"नियमाने येत नाही, सर. तक्रार निवारली की मगच पुसायची."

"मग निवार ती!"

"निवारण दुसऱ्या टप्प्यात आहे. खांब सरळ करायला माणसं पाठवायची ती दुसऱ्या टप्प्यात. आणि दुसरा टप्पा मंजूर होणार पहिल्याची चाचणी यशस्वी झाल्यावर."

"आणि चाचणी यशस्वी कधी?"

"डिस्क नव्वद टक्क्यांच्या खाली राहिली की."

तेंडोलकर कचेरीतली भाषा सोडून म्हणाले, "मेल्या, म्हंजे लोकांनी तक्रार केल्यानी नाय, तरच तक्रार निवारतली?"

"गणित तसंच येतंय, सर."

निकेतने उपाय शोधायला घेतले. पहिला उपाय, सनई नोंदवू नये. मंडळाच्या विधी शाखेने कळवले की नागरिकाला दिलेला शब्द सनई चालू असतानाही लागू राहतो. दुसरा उपाय, आवाज दाबून लहान करावा. निकेतने तो दाबला. मग आणखी दाबला. इतका दाबल्यावर बोललेले समजते का, हे तपासण्यासाठी एखादे रेकॉर्डिंग लावून पाहावे म्हणून त्याने सर्व्हरवर शोधाशोध केली, आणि त्याला कळले की रेकॉर्डिंग ऐकण्याची सोयच खरेदीत नव्हती. नोंदवण्याचा परवाना घेतला होता. ऐकण्याचा परवाना वेगळा पडत होता.

"म्हणजे सर, आजपर्यंत एकही रेकॉर्डिंग कोणी ऐकलेलं नाही. ऐकता येतच नाही."

"मग दाब की बिनधास्त," तेंडोलकर म्हणाले. "समजतं की नाही हा प्रश्नच उरला नाही."

वाडीतली माणसे नारळावर रिसीव्हर टेकवून कोणाला हात जोडत होती, हे निकेतच्या डोळ्यांपुढे आले. पण लगेच त्याच्या लक्षात आले की आवाज असा दाबला तर जागेत थेट चौपट बचत होते. चार ही सुंदर संख्या होती. त्याने दाबले.

तेही पुरले नाही, कारण गाऱ्हाणी दाबली तरी थांबत नव्हती. तेव्हा निकेतने तिसरा उपाय सुचवला, आणि तो मूळ नियोजनाशी पूर्णपणे सुसंगत होता. नियोजनात कॉल तीन मिनिटांचा धरला आहे. म्हणजे नियोजन चुकलेले नाही, कॉल चुकत आहेत. कॉल तीन मिनिटांनी आपोआप तोडावा. तेंडोलकरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच दिवसापासून ते लागू केले.

परिणाम व्हायचा तोच झाला. गाऱ्हाणे मध्येच तुटले, तर तुटल्या जागेपासून जोडत नाहीत. देवापुढे अर्धे वाक्य ठेवत नाहीत. ते पुन्हा पहिल्यापासून घालावे लागते. तीन मिनिटांत दाजी खाडीपलीकडच्या पाहुण्या देवापर्यंत पोचत आणि फोन तुटे. ते मुंडासे सावरत, रिसीव्हर पुन्हा नारळावर ठेवला जाई, आणि "बा देवा म्हाराजा" सुरू होई. खांबाचे नाव आता एकाही रेकॉर्डिंगमध्ये येत नव्हते.

"देव मधीच उठान जाता," दाजी वाडीला सांगत. "म्हंजे रागावलो आसा. वाढवूया."

घरी निकेत एकदा धीर करून म्हणाला, "आये, फोन जरा कमी कर. तिमाही संपली की खांबाचा काम नक्की जाता. मी सांगतंय."

"तूच सांगलंस मां, फोन कर म्हणान?"

"सांगलंय. पण आता तुझ्याच फोनान तुझो खांब अडकलो आसा."

शेवंतीने पदराला हात पुसत त्याच्याकडे पाहिले. "खांब अडकूक नाय रे झिला. खांब येता. रोज येता. तुझी रेघ भिंतीर खंयसर इली, ती बग."

निकेतने पाहिले. पेन्सिलीच्या खुणा आता एकमेकींपासून लांब लांब पडू लागल्या होत्या. वक्र तीव्र होत होता. दाजींनी रापणीच्या जाळ्याचा जाड दोर आणून खांब पलीकडच्या माडाला बांधला, तर मंडळाच्या मालमत्तेला विनापरवाना दोर बांधल्याबद्दल विचारणा आली. एवढी एक गोष्ट पहिल्या टप्प्यातही लगेच होत असे. दोर सोडावा लागला.

तिमाहीचा शेवटचा दिवस उगवला. मुंबईहून चाचणी समिती आली. शहाळी झाली, बांगडे झाले, सोलकढी झाली, आणि दुपारी समिती निकेतच्या पडद्यासमोर येऊन बसली. डिस्क नव्वदच्या खाली होती, पण तीन मिनिटांचे एखादे गाऱ्हाणे जास्त आले तर वर जाईल इतपतच खाली. केंद्र बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. खुर्च्या गुंतलेल्या होत्या. आणि रांगेत सनई ऐकत असलेला एक फोन पडद्यावर चमकत होता. नंबर निकेतच्या घरचा होता.

बाहेर वारा सुटला होता. वसाहतीतले पत्रे वाजत होते. हा वारा समुद्रावरून येतो, म्हणजे रापणवाडीला तो आधी पोचला असणार, हे निकेतला कळायला गणित लागले नाही.

तस्नीमची खुर्ची रिकामी झाली. शेवंती कोणाची आई, ते तिला पहिल्याच फोनवर कळले होते; ती वळून दबक्या आवाजात म्हणाली, "निकेत, तुझ्या आईचा आहे. घेऊ?"

"तीन मिनिटं घेतलीस तर आकडा नव्वदवर जातो," निकेत पुटपुटला. "चाचणी गेली की दुसरा टप्पा गेला. दुसरा टप्पा गेला की खांबाला माणसं येणार नाहीत. तिच्याच भल्यासाठी..."

"अरे, पण ती आत्ता फोन करतेय. आत्ता!"

"हे नोंदवणारं केंद्र आहे, तस्नीम. उचललास तरी तू काय करणार?"

निकेतचा तर्क नेहमीप्रमाणे बिनचूक होता. सनईसुद्धा जागा खात होती, म्हणून त्याने स्वतःच्या हाताने आईचा फोन तोडला. आकडा नव्वदच्या खाली स्थिर झाला. समितीने टाळ्या वाजवल्या.

निकेत मिळेल त्या बसने घरी पोचला, तेव्हा वाडी अंगणात जमली होती. स्वयंपाकघराच्या जागी कौलांचा ढीग होता आणि ढिगावर खांब आडवा होता. चूल खाली होती. फोनही खालीच होता. शेवंती पेळेवर, म्हणजे घरापुढच्या कट्ट्यावर, बसली होती; अंगावर धूळ, पण धडधाकट.

"करकरूक लागलो, म्हणान मी फोन केलंय," ती सांगत होती. "पिपाणी वाजत ऱ्हवली, वाजत ऱ्हवली, आणि तुटली. माझा टाळक्याच फिरला. म्हटला, दाजीक आणतंय आणि ह्यांची आयमाय काढतंय. भायर पाय टाकलंय, आणि मागे धडाम्!"

निकेत आईच्या शेजारी बसला. फोन कोणी तोडला, हे त्याने तिला सांगितले नाही. चाचणी समितीला मात्र सांगितले, कारण अहवालात सत्य लिहिणे त्याचे कर्तव्य होते. समितीने आपल्या शिफारशींत एक परिच्छेद वाढवला: कॉल वेळेत खंडित केल्यामुळे एका महिला ग्राहकाचे प्राण वाचल्याचे उदाहरण उपलब्ध असून, ही कार्यपद्धती इतर जिल्ह्यांतही राबवावी. निकेत कायम झाला. त्याला एक स्मृतिचिन्ह मिळाले. त्यावर पितळेचा छोटा फोन होता आणि रिसीव्हर जागेवर ठेवलेला होता.

दुसरा टप्पा यथावकाश मंजूर झाला आणि निवारणासाठी दोघे जण रापणवाडीत आले. त्यांच्याजवळ तक्रार होती, "खांब कललेला आहे." त्यांनी घरामागे पाहिले, अंगणात पाहिले. मग त्यांनी शेरा लिहिला: प्रत्यक्ष पाहणीत कललेला खांब आढळून आला नाही. तक्रार निकाली.

"अरे, हो काय तुमच्या पायाखाली आसा तो!" दाजी ओरडले.

"हा आडवा आहे," त्यातला एक जण सौम्यपणे म्हणाला. "आडव्या खांबासाठी वेगळा फोन करा. आणि निकाल लागेपर्यंत हात लावू नका, मंडळाची मालमत्ता आहे."

ते गेल्यावर दाजी वळले. पेळेवर निकेत उभा होता, गळ्यात मंडळाचे ओळखपत्र, आता कायम झालेले.

"फोन तर चेपलो," दाजी म्हणाले. "पण वरिष्ठ घराकच आसा." आणि त्यांनी मुंडासे बांधले. वाडी मागे उभी राहिली. "बा निकेता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्याच आवशीच्या चुलीर तुझो खांब आडवो पडलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो उचल, नायतर आमका उचलूक दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

निकेत ऐकत होता. एकही शब्द त्याच्या हातून सुटत नव्हता. खांबाची लांबी, जाडी, लोखंडाची घनता हे सगळे त्याच्या डोक्यात आपोआप गुणले जात होते, आणि खांब उचलायला किती माणसे लागतील याचे नेमके उत्तरही आले होते. त्याचा एक पाय पेळेच्या पायरीवर आलाही. मग ओळखपत्र पोटावर हलले, आणि त्याच्या तोंडून ध्वनिफितीतले वाक्य निघाले.

"तुमचा सांगणा नोंदवलंय."

शेवंती उठली. खांबाला वळसा घालून तिने विहिरीजवळ मांडलेल्या तीन दगडांत लाकूड सारले.

"नोंदवलंस, बरा केलंस," ती म्हणाली. "आता जेवक ये. पेज निवता."

निकेतला हसायला आपण मोकळे आहात, वाचकहो. त्याला स्वतःलाही अधूनमधून हसू येते. पण इतका वेळ आपणही हे सारे बसल्या जागी ऐकून घेतलेत, शब्दन् शब्द. दोन-चार ठिकाणी मान हलवून "अगदी खरं" असेही म्हणालात. त्या होकाराला डिस्कवर काहीच जागा लागत नाही, त्यामुळे तो कितीही साठवता येतो. खांब अजून अंगणात आडवा आहे. निकेतच्या हिशेबाने तो उचलायला सहा माणसे लागतात, आणि सगळे जण व्हय म्हाराजा म्हणायला मागे उभे आहेत.